कौल उजवा पडला होता

माघ अर्ध्यावर आला की हैदराबादेत थंडी आवरतं घेते आणि माझ्या टेबलावर पेपरांचे गठ्ठे येऊन पडतात. निजामाच्या राजधानीत, घरी उर्दू बोलणाऱ्या पोरांना, साहेबाच्या भाषेतून, ग्रीकांची नाटकं शिकवणारा माणूस मूळचा नेकनूरकडच्या एका खेड्यातला आहे. याचं कुणाला हसू आलं तर मी रागावणार नाही. मलाही अधूनमधून येतं.

प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न दरसाल ठरलेला असतो. प्राचीन ग्रीक नाटकातला शोकान्त नायक आणि प्रबोधनकाळातल्या इंग्रजी नाटकातला शोकान्त नायक यांची तुलना करा. पोरं उत्तर घोकून येतात, त्यामुळे एक पेपर वाचला की शंभर वाचल्यासारखे होतात. ग्रीक नायकाला दैव मारतं, इंग्रजी नायकाला त्याचा स्वभाव मारतो. एकाचा घात बाहेरून होतो, दुसऱ्याचा आतून. यंदा एका बहाद्दरानं लिहून टाकलं की दोघंही शेवटी मरतात, सबब फरक किरकोळ आहे. मी त्याला पास केलं. घोकलेल्या शहाण्या उत्तरांपेक्षा ते मला जरा बरं वाटलं.

आज दुपारी पेपर तपासत बसलो असताना खालून कडब्याची गाडी गेली. शहरात कडबा कुठला, कुणा नवाबाच्या घोड्यांसाठी चालला असेल. वाळलेल्या ताटांचा तो गोडसर, धुळकट वास जिन्यावरून वर आला आणि माझ्या हातातली लेखणी तशीच थांबली. हा वास आला की मला पुढं काही सुचत नाही. इतकी वर्षं झाली, तरी माझी तीच गत होते.

आमच्याकडं माघ म्हणजे सुगी. ज्वारी काढून झालेली, कणसं खळ्यावर पडलेली, मधल्या तिवड्याच्या खांबाभोवती बैल फिरतायत आणि त्यांच्यामागं कुणीतरी न संपणारं काहीतरी गुणगुणत चाललंय. हे सगळं मी माझ्या आक्काच्या कडेवरून पहिल्यांदा पाहिलं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, गोदावरी. आई मला आठवत नाही. माझा जन्म दुष्काळातला. गावातल्या विहिरी आटल्या तेव्हा माझे वडील, म्हणजे बप्पा, बिऱ्हाड गाडीत घालून गोदेकाठी गंगथडीला निघाले होते. आई ओली बाळंतीण होती. उघड्या गाडीत तिला वारं लागलं आणि वाटेतच ती गेली. मला जगवलं ते आक्कानं, आणि तीही तेव्हा परकराच्या वयाची होती. हुरड्याची कणसं तळहातावर चोळून, फुंकर मारून, कोवळे दाणे ती आधी माझ्या तोंडात घालायची. मी कॉलेजला निघालो तेव्हा धपाट्यांची चळत आणि शेंगदाण्याची चटणी तिनंच बांधून दिली. हैदराबाद किती लांब आहे, तिला कल्पना नव्हती. धपाटे मात्र आठवडाभर पुरले.

पुढं तिचं लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणाला रिवाजाप्रमाणं ती माहेरी आली. मी परीक्षेआधीच्या सुट्टीत गावाकडं निघालो. ट्रंकेत नाटकांची जाड पुस्तकं होती आणि वरच्या कप्प्यात चारमिनारजवळून घेतलेलं जरीचं टोपडं. जालन्याला रेल्वेतून उतरून बैलगाडीनं मुक्काम करत करत येताना सगळ्या वाटेनं मी त्या टोपड्याचाच विचार करत होतो. मुलगा असला तर काय आणि मुलगी असली तर काय, टोपडं दोघांनाही चाललं असतं.

नेकनूरच्या फाट्यावर भिवानाना उभा होता. हा आमच्या गावचा धनगर. त्याची मेंढरं वर्षभर बालाघाटाच्या उतारावर असायची आणि घर गावात. घोंगडं खांद्यावर टाकून तो रस्त्याच्या मधोमध आला आणि त्यानं माझी गाडी थांबवली. बप्पा गावचे पाटील, म्हणून तो मला धाकले पाटील म्हणायचा.

"धाकले पाटील, गावात जायचं न्हाई. गाव उठलंय. समदे माळावर हायेत."

"पिलेग?"

"व्हय."

"आक्का कशी हाय? बाळंत झाली का?"

"झाली. पोरगा झाला. पोरगा चांगला हाय."

पोरगा चांगला आहे असं त्यानं सांगितलं, आक्काचं काही सांगितलं नाही. मी गाडीतून उतरलो आणि तिथंच बांधावर बसलो. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि काडीनं मातीत रेघा ओढत सगळं सांगू लागला.

"घराघरांत उंदीर पडाया लागले. तवा पाटलांनी गुरवाला बोलावून कौल लावला. ज्वारीचे दोन दाणे वले करून देवीच्या दोनी खांद्यांना चिकटवले. उजवा पडला तर निघायचं, डावा पडला तर ऱ्हायचं. उजवा पडला. समद्या गावानं बघितला. आन त्याच सांजंला आक्का बाळंत झाली. लई तरास झाला तिला."

"मंग?"

"मंग पाटील म्हणले, बारसं हुस्तवर थांबू. माळावरचं वारं वल्या बाळंतिणीला सोसायचं न्हाई."

"आन तुमी समदे थांबलात?"

"देवी पाटलाच्या डोक्यावरनं निघती, धाकले पाटील. ती येशीभाईर पडल्याबिगर आमची चूल कशी हलंल?"

बाहेरच्या माणसाला ही गोष्ट सांगून पटायची नाही. आमच्या गावाची रीत अशी होती की गाव उठायचं ते एकत्र उठायचं. पुढं पाटील, त्याच्या डोक्यावर देवीचा मुखवटा, मागं सगळं गाव. देवीच्या आधी जो बाहेर पडेल त्यानं तिची पाठ सोडली, असं धरायचे. मरणाच्या भीतीपेक्षा ही भीती मोठी होती. घरात उंदीर पडत होते आणि माणसं बोचकी बांधून उंबऱ्यात बसून होती, पाटलाच्या घरातलं बारसं होण्याची वाट बघत. कुणी तक्रार केली नाही. कुणी बप्पांच्या दारात येऊन बोलावं, असंही कुणाला वाटलं नाही.

"बारसं झालं न्हाई. त्याच्या आदीच आक्काच्या काखंत गाठ आली," भिवानाना म्हणाला.

"तुझी माणसं बरी हायेत ना, नाना?"

"थोरली सून गेली. मेंढरं माळावरच हुती, मीबी माळावरच. ती तेवढी गावात ऱ्हायली, चुलीपाशी."

ग्रीक नाटकात मरण रंगमंचावर दाखवत नाहीत. ते आत कुठंतरी होतं आणि एक निरोप्या येऊन उभ्या उभ्या सगळं सांगतो. इंग्रजांना हे पटलं नाही, त्यांनी तलवारी, विषाचे पेले, प्रेतं, सगळं लोकांच्या डोळ्यांपुढं आणलं. यांतलं परिणामकारक कोणतं, यावर वर्गात मी तासभर बोलू शकतो. पोरं तलवारीच्या बाजूची असतात. मी मात्र तो बांध आणि मातीतल्या त्या रेघा पाहिल्या आहेत. आक्काला शेवटी मी बघितलं नाही, म्हणून ती माझ्यापुरती पुन्हा पुन्हा मरते आणि दर वेळी थोड्या वेगळ्या तऱ्हेनं मरते.

माळावर तुराट्यांच्या कुडाच्या खोपी उभ्या होत्या, वर कडबा टाकलेला. गावातला शेजार तसाच्या तसा माळावर आला होता. ज्याची भिंत ज्याला लागून, त्याची खोपही त्यालाच लागून. मधल्या उंचवट्यावर गुरवाच्या खोपीत देवीचा मुखवटा होता. आणि काही खोपींपुढं माणसं नुसतीच बसलेली होती, हात गुडघ्यांभोवती बांधून. बप्पा खळ्यावर होते. मला बघून त्यांनी बैल थांबवले.

"आलास? इम्तिहान कधी हाय?" त्यांनी विचारलं.

मी काहीतरी सांगितलं. ते मान हलवून पुन्हा बैलांमागं चालू लागले. त्यांच्याकडं बघवत नव्हतं. माझ्या आठवणीतला उंच, फेट्यात ऐटदार दिसणारा पाटील कुणीतरी काढून नेला होता आणि त्याच्या कपड्यांत दुसराच म्हातारा उभा केला होता.

काकीनं, म्हणजे माझ्या चुलतीनं, पोर माझ्या मांडीवर दिलं. काळंसावळं, मूठ घट्ट मिटलेलं. भिवानाना रोज सकाळी शेळीचं दूध घेऊन यायचा, कापसाच्या बोळ्यानं ते पोराला पाजलं जायचं आणि तो तिथंच बसून बघायचा. दूध संपलं की भांडं उचलून निघून जायचा. ज्या पोरापायी गाव खोळंबलं आणि आपली सून गेली, त्याच पोराला हा माणूस दूध पाजत होता. त्याच्या मनात काय चाललं असेल, मी कधी विचारू शकलो नाही. ते पोर आज अंबाजोगाईला बिऱ्हाड करून आहे, चांगला दोन लेकरांचा बाप आहे.

काकीनंच मला एकदा हळूच सांगितलं की आक्का स्वतः बप्पांना म्हणाली होती. "बप्पा, गाव घिऊन तुमी जावा. मला हितंच ऱ्हाऊ द्या, काकी हाय माझ्यापाशी." बप्पा दाराबाहेर उभे होते, बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नसतं. ते बाहेरूनच म्हणाले, "तुझी माय अशीच गाडीत घातलीती मी. आन तुला हितं ठिऊन जाऊ म्हणतीस? काय बी झालं तरी न्हाई."

बायका दिवसभर त्यांच्याविषयी बोलायच्या. पाण्याला जाता येता, भाकरी थापता थापता. देवीच्या मनातच तसं होतं, म्हणायच्या. आक्काचं दाणापाणीच तेवढं होतं, तिथं पाटील तरी काय करणार. ज्या घरातलं माणूस गेलं होतं त्या घरच्या बायकाही हेच म्हणायच्या. ग्रीक नाटकात रंगमंचाच्या एका अंगाला असाच नगरातल्या लोकांचा मेळा उभा असतो. तो नायकाचं दुःख गातो, त्याला समजावतो, देवांच्या मर्जीपुढं इलाज नाही म्हणतो. शिकवताना मला तो मेळा नेहमी फेर धरलेल्या बायकांसारखा दिसतो, डोक्यावर घागरी घेतलेल्या. इंग्रजी नाटकात हा मेळा जवळपास नाहीसा झाला. तिथं नायक एकटा पुढं येतो आणि स्वतःशीच बोलतो.

बप्पाही बोलत. खळ्यावर, बैलांमागं फिरताना. एका दुपारी मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो तेव्हा मला ते ऐकू आलं. "खाली गवात. गवतावर वाकळ. चारी अंगानं कांबळी बांधायची, वरनं ताडपदरी. शेगडी पायाशी. बैल म्हातारे जुपायचे, सावकास चालणारे..." ते गाडी सजवत होते. आक्काला गावातून माळावर आणण्याची गाडी. एक फेरा पूर्ण झाला की ते पुन्हा गवतापासून सुरू करायचे. मी तांब्या बांधावर ठेवला आणि परत आलो. खोपीत जाऊन पुस्तक उघडलं आणि त्यावर डोकं ठेवून पोटभर रडलो.

आता विचार करतो तेव्हा वाटतं, माझ्या पेपरातल्या प्रश्नाचं उत्तर त्या खळ्यावर मिळायला हवं होतं. ग्रीक नायक ज्या संकटापासून पळतो, पळता पळता त्याच्याच दारात येऊन उभा राहतो. बप्पांचं तेच झालं. बायको गाडीत घातली म्हणून गेली, तर लेकीला त्यांनी घरात जपलं, आणि जपलं म्हणूनच ती गेली. इथपर्यंत हिशेब जुळतो. पण ग्रीकांच्या देववाणीत फट नसते, ती माणसाला चारी बाजूंनी घेरते. आमच्या देवीनं तर दार उघडून दिलं होतं, निघा म्हणून सांगितलं होतं. मग बप्पा इंग्रजी नायक म्हणावेत का? त्या नायकांच्या आत काहीतरी किडलेलं असतं, कुणाला सत्तेची हाव, कुणाला संशय, कुणाला कृतीच्या वेळी पाय मागं ओढणारी शंका. बप्पांच्या आत काय होतं? लेकीवरची माया होती. त्या मायेला दोष म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि भिवानानाच्या सुनेची आठवण आली की नुसती माया म्हणून सोडूनही देता येत नाही.

पुढं रोग ओसरला. तहसिलीतून माणसं आली, घरांना चुना फासला गेला, छपरं उघडून उन्हं आत घेतली. गावात परतायचा दिवस ठरला आणि गुरव बप्पांकडं विचारायला आला, मुखवटा कधी उचलायचा. बप्पा म्हणाले, "मी उचलणार न्हाई." गुरवाला वाटलं, दुःखात आहेत, होतील राजी. पण ते राजी होईनात. चार जाणती माणसं येऊन बसली, समजावून गेली. पाटलाशिवाय देवी हलणार नाही आणि देवीशिवाय गाव हलणार नाही. ऊन तापू लागलं होतं, माळावरचं पाणी आटत होतं, आणि सगळं गाव पुन्हा एकदा बप्पांच्या पायाशी येऊन अडकलं होतं.

शेवटी माझा धीर सुटला. संध्याकाळी खळ्यावर ते एकटे बसले होते, तिथं जाऊन मी त्यांच्याशेजारी बसलो.

"बप्पा, तुमी कावून असं करताय? ह्यात तुमचा काय दोष?"

आणि मग कॉलेजात शिकलेलं सगळं मी त्यांच्यापुढं ओतलं. ग्रीस नावाच्या मुलखातल्या राजांविषयी सांगितलं, की ते भले होते, शूर होते, पण दैवानं आधीच आखून ठेवलं होतं. त्यांनी काहीही केलं असतं तरी तेच झालं असतं. नंतरच्या इंग्रजी नाटकांतल्या सरदारांविषयीही सांगितलं, ज्यांचा घात त्यांच्या स्वभावानं केला. तुम्ही पहिल्यांतले आहात बप्पा, असं मला सांगायचं होतं. माझ्याजवळ त्यांना देण्यासारखं तेवढंच होतं. ते शांतपणे ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, "त्या पयल्या राजांची रयत मागनं देवाला जात हुती का?"

हा प्रश्न आम्हाला कुणी शिकवला नव्हता आणि पुढं मीही कुठल्या पेपरात घातला नाही.

"माझं म्हणणं इतकंच हाय," मी म्हणालो, "की चूक तुमची न्हाई."

"मंग कुणाची? तिची म्हणू?" त्यांनी गुरवाच्या खोपीकडं हात केला. "तिनं निघा म्हणून सांगितलंतं. समद्या गावानं बघितलं. आता बाया म्हणत्यात, तिच्याच मनात हुतं. म्हंजी निघा बी तिनंच म्हणायचं, आन मारायचं बी तिनंच? असली देवी डोक्यावर घिऊन मी गावात कसा जाऊ?"

मग हात खाली घेऊन ते हळू आवाजात पुढं बोलले.

"ह्या बायांच्या लेकरांना उद्या ताप आला, तर त्यांनी लेकरू कुणाच्या पायावर घालायचं? त्यांच्यापाशी दुसरं काय हाय? ती चांगली ऱ्हायली पायजे, बाबा. चूक माझीच म्हणू दे समद्यांना. मला पेलंल."

सकाळी त्यांनी सगळं गाव गुरवाच्या खोपीपुढं गोळा केलं. फेटा काढून हातात घेतला. पाटलाला उघड्या डोक्यानं गावानं कधी बघितलं नव्हतं. बायकांनी माना खाली घातल्या. ते म्हणाले, "कौल उजवा पडलाता. मी ऐकला न्हाई. जी माणसं गेली ती माझ्यापायी गेली. देवीकडं कुणी बोट दावू नका." मग त्यांनी मुखवटा उचलला आणि चालत जाऊन भिवानानापुढं उभे राहिले.

"माझ्या डोक्यावर कावून, पाटील?" भिवानाना म्हणाला.

"तू घे," बप्पा म्हणाले. "तुझी सून गेली. हिला म्होरं न्यायचा मान आता तुझा."

गाव वेशीतून आत शिरलं तेव्हा पुढं तो धनगर होता, त्याच्यामागं गुरव, मग बाया, लेकरं, शेरडं, गाड्या. काकीच्या कडेवर आक्काचं पोर होतं. बप्पा सगळ्यांच्या मागं, गुरांच्याही मागं, धुळीतून अनवाणी चालत होते. कुणीतरी थांबून त्यांना पुढं बोलावलं. त्यांनी हातानंच नाही म्हटलं.

पेलंल म्हणाले होते, पण वर्षाच्या आत ते गेले. पुढच्या माघात खळ्यावर बैलांमागं मी होतो, कारण फिरायला घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं.